कासवाची अंडी हॅचरीत कशी न्यावीत: गोव्याच्या किनाऱ्यावरील कामाची पद्धत

नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे गोव्याच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येतात. पेडणे तालुक्यातील मोरजी व मांद्रे आणि काणकोणातील आगोंद व गालजीबाग हे चार किनारे २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नावानिशी नोंदलेले आहेत. नेमका हाच काळ आपल्याकडे पर्यटनाचाही हंगाम असल्यामुळे ज्या रात्री मादी वाळूवर चढते त्याच रात्री किनाऱ्यावर दिवे, संगीत, खुर्च्या, भटकी कुत्री आणि माणसे असतात. म्हणूनच काही घरट्यांतील अंडी काढून ती कुंपण घातलेल्या राखीव जागेत, म्हणजे हॅचरीत, पुन्हा पुरावी लागतात. वनखात्याच्या बरोबरीने हे काम करू इच्छिणाऱ्या किनाऱ्यावरच्या तरुणांसाठी, किनाऱ्यावर शॅक, म्हणजे तात्पुरती खानावळ, चालवणाऱ्यांसाठी, रापणकारांसाठी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांसाठी, आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत मी लिहीत आहे. मोरजीच्या बाजूला अनेक हंगाम मी हे काम करीत आलो आहे आणि त्यात माझ्या हातून झालेली चूकही पुढे सांगणार आहे, कारण तिची किंमत अंड्यांना मोजावी लागली.

संकटात सापडलेल्या प्राण्यांचे बंदिस्त प्रजनन म्हटले की पिंजऱ्यातील जोडी आणि तिची पिल्ले असे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि काही प्राण्यांच्या बाबतीत तो मार्ग खरोखरच शेवटचा आधार ठरला आहे. आसामातील मानसच्या जंगलातून १९९६ मध्ये पिग्मी हॉग जातीची अवघी सहा बुटकी रानडुकरे पकडली गेली, त्यांच्यापासून कळप वाढवला गेला आणि २००८ पासून त्या कळपातील डुकरे पुन्हा गवताळ रानात सोडली जाऊ लागली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे गिधाडे झपाट्याने मेली, तेव्हा हरियाणातील पिंजोर येथे त्यांच्यासाठी प्रजनन केंद्र उभारावे लागले. घडियाल सुसरींसाठी १९७५ पासून नदीकाठची अंडी गोळा करून ती उबवण्याचा आणि पिल्ले थोडी मोठी करून चंबळसारख्या नद्यांत सोडण्याचा कार्यक्रम राबवला गेला. कासवाच्या बाबतीत मात्र आई-बाप पकडून ठेवण्याची गरजही नाही आणि ते व्यवहार्यही नाही, कारण ऑलिव्ह रिडलेला वयात येण्यासच साधारण दहा ते पंधरा वर्षे लागतात आणि तोवर तिचे आयुष्य खुल्या समुद्रात जाते. आपल्याला फक्त अंड्यातले पन्नास-पंचावन्न दिवस सांभाळायचे असतात, आणि त्या दिवसांतही आपला हात जितका कमी लागेल तितके अंड्याचे भले होते. पुढे लिहिलेली प्रत्येक गोष्ट याच एका हिशेबाने वाचावी.

परवानगीशिवाय अंड्याला हात लावू नये

समुद्री कासव हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच कासवाच्या अंड्यालाही आहे. अंडी उचलणे, जवळ ठेवणे किंवा हलवणे हा परवानगी नसेल तर गुन्हा ठरतो, आणि त्यासाठी किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. हेतू चांगला होता हे सांगून सुटका होत नाही. त्यामुळे हॅचरी ही वनखात्याचीच असते आणि आपण तेथे खात्याच्या परवानगीने व देखरेखीखाली काम करणारे मदतनीस असतो. घरटे सापडले की पहिला फोन वनरक्षकाला, दुसरा आपल्या गटाला, आणि तोवर जागेवर पहारा, एवढा क्रम सगळ्यांनी पाठ करून ठेवावा.

मादी वर चढल्याची बातमी बहुतेक वेळा मासेमारी करणाऱ्यांकडूनच येते. रात्री दीड-दोन वाजता फोन वाजतो आणि पलीकडून "कासव चडलां, बेगीन यो" (कासव वर चढले आहे, लवकर ये) एवढेच शब्द ऐकू येतात. एके काळी हीच अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी खणली जात असत. वाळूत घरटे नेमके कोठे आहे हे ज्यांना तेव्हा अचूक कळत असे, त्यांच्याच घरातील माणसे आज सर्वांत चांगली राखण करतात. त्यांना योग्य मानधन मिळावे आणि ते हंगाम संपण्याची वाट न पाहता महिन्याच्या महिन्याला मिळावे, याबद्दल प्रत्येक गटाने आग्रही राहिले पाहिजे. पोटाला चिमटा काढून कोणी पाच महिने रात्री जागत नाही.

मादी अंडी घालत असताना काय करावे आणि काय करू नये

मादी पाण्यातून वर येत असताना तिच्या वाटेत उभे राहू नये, टॉर्च लावू नये आणि मोबाइलचा पडदाही झाकून ठेवावा. अडथळा जाणवला की ती अंडी न घालताच मागे फिरते. लाल काच किंवा लाल जिलेटिन कागद लावलेली मंद टॉर्च, तीही जमिनीकडे धरून, एवढाच प्रकाश वापरावा. ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणू लागली की तिच्या पाठीमागे, निदान दहा पावलांवर, खाली बसून राहावे.

हा खड्डा जवळून पाहण्यासारखा असतो, कारण पुढे आपल्याला त्याचीच नक्कल करायची असते. मागचे एक वल्हे ती ओंजळीसारखे वळवते, वाळू उचलून बाजूला ठेवते, मग अंग थोडे फिरवून दुसऱ्या वल्ह्याने तेच करते. साधारण दीड फूट खोल, मान अरुंद आणि पोट फुगीर असा सुरईसारखा खड्डा तयार झाला की अंडी दोन-दोन, तीन-तीन करून पडू लागतात. एका घरट्यात बहुधा शंभर ते सव्वाशे अंडी असतात, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, ओली आणि बोटाने दाबले तर किंचित दबणारी. अंडी घालून झाली की ती खड्डा बुजवते आणि मग अंग डावीकडे-उजवीकडे झुकवत पोटाच्या कवचाने वाळू ठोकते. तो धप् धप् आवाज शांत रात्री बऱ्याच अंतरावर ऐकू येतो. हे सगळे तासाभरात आटोपते आणि ती समुद्रात परत जाते. ती गेल्यावरच घरट्याजवळ जावे.

मादी दिसली नसेल आणि पहाटेच्या गस्तीत फक्त माग सापडला असेल, तर येण्याचा आणि जाण्याचा माग दोन्ही पाहावेत. ऑलिव्ह रिडलेचा माग साधारण सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात डाव्या-उजव्या वल्ह्यांचे ठसे एकाआड एक उमटलेले असतात. दोन माग जेथे मिळतात तेथे विस्कटलेल्या वाळूत बोटांनी हलकेच चाचपून मऊ जागा शोधावी. लोखंडी सळई किंवा टोकदार काठी खुपसून घरटे शोधण्याची जुनी रीत पूर्णपणे सोडून द्यावी, कारण एक फुटलेले अंडे मुंग्या आणि बुरशी यांना बोलावते आणि मग त्याच्या आजूबाजूचीही अंडी जातात.

घरटे जागीच ठेवता येते का, हे आधी ठरवावे

अंडी हलवण्याची घाई करू नये. मादीने निवडलेली जागा भरतीच्या रेषेच्या वर असेल, तेथे रात्री उजेड व वर्दळ कमी असेल आणि राखण करणे शक्य असेल, तर अंडी आहेत तेथेच राहू द्यावीत, वर दोन-तीन इंच चौकटीची जाळी अंथरून तिच्या कडा वाळूत पुराव्यात, म्हणजे कुत्र्याला उकरता येत नाही आणि पिल्लाला मात्र बाहेर पडता येते. भरतीच्या रेषेची खूण म्हणून मर्यादवेल पाहावी. किनाऱ्यावर पसरणारी ही जांभळ्या फुलांची वेल उधाणाचे पाणी जेथवर नेहमी येते त्याच्या वरच तग धरते आणि म्हणूनच तिला ते नाव पडले आहे. मर्यादवेलीच्या खाली, ओल्या वाळूच्या पट्ट्यात घातलेली अंडी पुढच्या उधाणात बुडण्याची शक्यता असते, आणि ती हलवणे योग्य ठरते. त्याचप्रमाणे शापोरा नदीच्या मुखाजवळ, जेथे वाळूचा दांडा दरवर्षी आपली जागा बदलतो, तेथील घरटीही बहुधा हलवावीच लागतात. शॅकच्या खुर्च्यांखाली सापडलेल्या घरट्याबद्दल मात्र माझे स्पष्ट मत असे आहे की शक्य असेल तेथे खुर्च्या हलवाव्यात आणि अंडी राहू द्यावीत. अनेक शॅकवाल्यांनी सांगितल्यावर तसे केले आहे आणि घरट्याभोवती स्वतः दोरी बांधून ग्राहकांना बाजूने जायला सांगितले आहे.

अंडी उचलणे आणि नेणे

सर्व पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग हा आहे. अंडे घातल्यानंतर थोड्याच तासांत आतील भ्रूण वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. कवचावर वरच्या बाजूला पांढरट ठिपका दिसू लागला की हे सुरू झाले असे समजावे. चिकटलेल्या अवस्थेत अंडे उलटले, गोल फिरले किंवा त्याला हिसका बसला, तर भ्रूण सुटतो आणि मरतो, आणि बाहेरून मात्र अंडे तसेच्या तसे दिसत राहते. त्यामुळे अंडी पहिल्या दोन तासांत हलवावीत, फार तर सहा तासांची मर्यादा पाळावी, आणि त्यानंतर पुढचे तीन आठवडे तरी त्यांना धक्का लावू नये. उशिरा सापडलेले घरटे धोक्याच्या जागी असले तरी जागीच राखणे बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचे ठरते.

हे मला एका चुकीतून कळले. सुरुवातीच्या हंगामात एकदा सकाळी सव्वासातला मला घरट्याची माहिती मिळाली. मादी मध्यरात्री येऊन गेलेली होती, पण ते मी विचारलेच नाही. घाईने अंडी काढली, प्लॅस्टिकच्या बादलीत भरली आणि बादली स्कूटरच्या पायाशी ठेवून गावच्या रस्त्याने, वाटेतले सगळे गतिरोधक ओलांडत हॅचरीत नेली. अंडी व्यवस्थित पुरली, पाटी लावली, रोज पाहिले. साठ दिवस झाले तरी वाळू हलली नाही. शेवटी घरटे उघडले तेव्हा शंभरावर अंड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पिल्ले बाहेर पडलेली होती आणि बाकीच्या अंड्यांत तांदळाच्या दाण्याएवढा, वाढ थांबलेला भ्रूण होता. ती सगळी अंडी पहिल्याच सकाळी, माझ्या स्कूटरवर मेली होती.

तेव्हापासून मी पुढील पद्धत पाळतो आणि ती पाळली तर नुकसान फार कमी होते. हातात स्वच्छ हातमोजे घालावेत आणि हाताला डास पळवणारे मलम, तेल किंवा क्रीम लागलेले नसावे. वरची कोरडी वाळू एका बाजूला आणि खालची ओलसर वाळू दुसऱ्या बाजूला काढावी. पहिले अंडे दिसले की थांबून वेळ, जागा आणि मादी गेल्याची अंदाजे वेळ वहीत लिहावी. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातील चार बोटे ओलसर वाळू घालावी. प्रत्येक अंडे जसे असेल तसेच, वरची बाजू वर ठेवून, दोन बोटांत अलगद धरून उचलावे व बादलीत ठेवावे. एक माणूस अंडी काढतो आणि दुसरा मोजतो, म्हणजे आकडा चुकत नाही. अंडी पुसू नयेत, धुऊ नयेत आणि त्यांच्यावरील चिकट द्रवही काढू नये. सगळी अंडी काढून झाल्यावर रिकाम्या खड्ड्याची खोली आणि मानेची रुंदी मोजपट्टीने मोजावी, कारण हॅचरीत तसाच खड्डा खणायचा असतो. बादलीवर ओले सुती फडके टाकावे आणि ती हातात धरून चालत न्यावी. अंतर जास्तच असेल तर गाडीत एका माणसाने बादली मांडीवर घेऊन बसावे आणि गाडी सावकाश चालवावी.

हॅचरीत आल्यावर हातानेच सुरईसारखा खड्डा खणावा. अंडी ज्या क्रमाने काढली त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे तळाची तळाशी, ठेवण्याचा प्रयत्न करावा, पण त्यासाठी ती उलटसुलट करू नयेत. वर आधी मूळ घरट्यातील ओलसर वाळू आणि शेवटी कोरडी वाळू घालावी. तळहाताने हलके दाबावे. पायाने तुडवू नये. शेजारी रोवलेल्या पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंड्यांची संख्या, मूळ जागा आणि पंचेचाळिसाव्या दिवसाची तारीख ठळक लिहावी. त्या दिवसापासून रात्रीची तपासणी सुरू करायची असते.

जागा, वाळू आणि कुंपण

हॅचरी त्याच किनाऱ्यावर, मर्यादवेलीच्या पट्ट्यात किंवा किंचित वर, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर असावी. सुरूच्या झाडांच्या अगदी जवळ ती करू नये. गालजीबागसारख्या सुरूच्या बनाच्या किनाऱ्यावर हा मोह होतो, पण सुरूची बारीक मुळे वाळूत दूरवर पसरतात आणि घरट्यात शिरून अंड्यांभोवती जाळे विणतात. बाहेरून आणलेली वाळू घालू नये. जागा निश्चित झाल्यावर दोन-अडीच फूट खोलीपर्यंतची वाळू चाळून मुळे, काच, शिंपले आणि प्लॅस्टिक काढून टाकावे. दोन घरट्यांमध्ये एक मीटर अंतर ठेवावे, म्हणजे एका चौरस मीटरला एकच घरटे. जागा कमी पडते म्हणून घरटी जवळजवळ आणली तर शेजारच्या अंड्यांची ऊब एकमेकांना भिडते आणि एका घरट्यातील बुरशी दुसऱ्यात जाते. जी हॅचरी दरवर्षी एकाच जागी, त्याच वाळूत चालते तिच्यात उबवणीचे प्रमाण हळूहळू घसरते, म्हणून जागा दरवर्षी काही मीटर तरी सरकवावी.

कुंपणाची जाळी जमिनीखाली निदान दीड-दोन फूट पुरलेली असावी, कारण कुत्रा वरून येतो तर कुर्ली, म्हणजे खेकडा, खालून येते. बाकी कुंपणाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते बांबूचे असो किंवा लोखंडी, रोज सकाळी त्याच्या कडेने एक फेरी मारून नवे बीळ दिसते का ते पाहणारा माणूस असला की पुरते.

तापमान

कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, आणि ते उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागात ठरते. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या जवळपास नर आणि मादी दोन्ही निपजतात, २८ च्या खाली बहुतेक नर, आणि ३२ च्या वर बहुतेक माद्या. वाळू सतत ३५ च्या घरात राहिली तर भ्रूणच मरू लागतात. बाहेरून पाहून पिल्लाचे लिंग ओळखता येत नाही, त्यामुळे आपण चुकत आहोत हे हॅचरीत कधीच दिसत नाही. मेक्सिकोतील रांचो नुएवो किनाऱ्यावरून केम्प्स रिडले कासवाची अंडी १९७८ पासून अमेरिकेतील टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेऊन उबवली जात होती. पहिल्या काही वर्षांत उबवणीचे तापमान कमी राहिल्यामुळे त्यांतून नर जास्त निपजले आणि १९८५ पासून तापमान वाढवावे लागले. तेथे शास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळा होती, तरीही असे घडले.

म्हणून हॅचरीत किमान दोन तापमापक असावेत, एक उघड्या भागात आणि एक सावलीच्या भागात, दोन्ही घरट्याइतक्या खोलीवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर. रोज एकाच ठरलेल्या वेळी आकडे वाचून वहीत लिहावेत. डिसेंबर-जानेवारीत पुरलेल्या घरट्यांना सावली देऊ नये. ती थंडीतच वाढतात आणि त्यांच्यातून नर येतात, आणि समुद्राला नरांचीही गरज आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुरलेल्या घरट्यांचे दिवस एप्रिल-मेच्या उन्हात येतात; त्या भागावर पाच-सहा फूट उंचीवर माडाची चुडते घालून विरळ सावली करावी आणि तापमान ३३ च्या वर चढू लागले की सावली थोडी दाट करावी. हॅचरीचा सगळा भाग एकाच हिरव्या नेटखाली झाकून टाकण्याची पद्धत मला पटत नाही, कारण मादी ज्या उघड्या वाळूत अंडी घालते ती वाळू तशी नसते. वाळू तापली म्हणून घरट्यावर पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे. मायेने केलेल्या या एका गोष्टीने आमच्या बाजूला एक चांगले घरटे बुरशीने गेले होते.

पिल्ले बाहेर येताना

पंचेचाळिसाव्या दिवशी घरट्यावर बुरुडाने विणलेली, तळ नसलेली बांबूची पाटी किंवा जाळीचे कडे बसवावे, म्हणजे रात्री वर आलेली पिल्ले इकडेतिकडे पांगत नाहीत आणि कोणत्या घरट्यातून किती आली हेही कळते. अंडी साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुटतात. थंडीतल्या घरट्यांना जास्त दिवस लागतात. अंडी फुटल्यावर पिल्ले लगेच वर येत नाहीत. तीन-चार दिवस ती एकमेकांच्या हालचालीने वरची वाळू खाली पाडत, तिच्यावर चढत चढत वर सरकतात, आणि त्यामुळे घरट्यावरची वाळू बशीसारखी खचते. हा खळगा दिसला की त्या रात्री झोपायचे नाही. आधी वाळूतून एक काळे नाक दिसते आणि बराच वेळ काहीच घडत नाही. वरची वाळू पुरेशी गार झाली की मग एकाएकी पाण्याला उकळी फुटावी तशी पिल्ले वर येतात. चार सेंटिमीटरचे ते अंग वीस ग्रॅमही भरत नाही.

घरट्यावरची ही बांबूची पाटी दर अर्ध्या तासाने पाहावी. वर आलेल्या पिल्लांना पाण्याने भरलेल्या टबात कधीही ठेवू नये. बाहेर आल्यावर पहिला दिवसभर न थांबता पोहण्याइतकीच शक्ती पिल्लाच्या पोटात उरलेल्या पिवळ्या बलकातून मिळते. ती शक्ती त्याला किनाऱ्याजवळच्या माशांच्या तावडीतून दूर खोल पाण्यात नेण्यासाठी असते आणि टबात ते तीच खर्च करून टाकते. पाहुणे यायचे आहेत म्हणून, फोटो काढायचा आहे म्हणून पिल्ले सकाळपर्यंत अडवून ठेवणे हा या कामातील सर्वांत मोठा अपराध मी मानतो, मग पाहुणा कोणीही असो. रात्री आली तर रात्रीच सोडावीत. पहाटे आली तर ऊन चढण्यापूर्वी सोडावीत. दिवसा कधी वर आलीच तर ओलसर वाळू घातलेल्या, फडक्याने झाकलेल्या टोपलीत, अंधाऱ्या व गार जागी ठेवून संध्याकाळी अंधार पडताच सोडावीत.

सोडताना पिल्ले थेट पाण्यात टाकू नयेत. पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर, सपाट वाळूवर ठेवून त्यांना स्वतः चालू द्यावे. वाटेतले पायांचे खड्डे आधी हाताने सपाट करावेत, कारण माणसाच्या टाचेचा खड्डा पिल्लाला विहिरीएवढा असतो. सोडण्याची जागा रोज बदलावी, नाहीतर मासे आणि पक्षी त्या जागी ठरल्या वेळेला जमू लागतात. क्षितिजाकडच्या सर्वांत उजळ भागाकडे जाणे हा पिल्लाचा उपजत स्वभाव आहे. काळोख्या किनाऱ्यावर तो उजळ भाग समुद्राचा असतो, पण शॅकचा एक फ्लडलाइट पेटलेला असला तर पिल्ले पाठ फिरवून त्याच्याकडे चालू लागतात. म्हणून खळगा दिसलेल्या संध्याकाळीच आजूबाजूच्या शॅकमध्ये स्वतः जाऊन, "दादा, आज रात्री समुद्राकडचे दिवे बंद ठेवा" असे सांगून यावे. नोटीस लावून जे होत नाही ते असे समोर जाऊन सांगितल्याने होते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने कासवांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना शिस्त लावून दाखवली आहे. आपल्याकडे पाहुणे कासवांसाठी नव्हे तर किनाऱ्यासाठी आलेले असतात, त्यामुळे दोरी बांधून त्यांना तिच्यामागे उभे करणे, फ्लॅश बंद करायला लावणे आणि पिल्लू कोणाच्याही हातात न देणे हे आपल्यालाच करावे लागते.

घरटे उघडून पाहणे

पहिली पिल्ले बाहेर आल्यानंतर तीन दिवसांनी घरटे उघडावे. मागे राहिलेली जिवंत पिल्ले निघाली तर ती त्याच रात्री सोडावीत. रिकामी कवचे मोजावीत. ११० अंड्यांपैकी ८८ रिकामी कवचे निघाली तर उबवणीचे प्रमाण ८० टक्के. न फुटलेली अंडी हातमोजे घालून फोडून पाहावीत आणि आत काय होते ते लिहावे. काम घाणेरडे आहे आणि वास डोक्यात जातो, पण हॅचरीत काय चुकले ते सांगणारी दुसरी कोणतीही गोष्ट नाही. भ्रूण अगदी लहान असतानाच थांबलेले पुष्कळ दिसले तर अंडी नेताना धक्का बसला किंवा उशीर झाला असे समजावे. पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेलेली दिसली तर उबवणीच्या अखेरीस वाळू फार तापली होती का, हे तापमानाच्या वहीत पाहावे. बुरशीचे थर दिसले तर ओल किंवा जुनी वाळू हे कारण असते. ज्यात काहीच वाढ दिसत नाही अशी थोडी अंडी प्रत्येक घरट्यात असतात आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. हे आकडे कमी आले म्हणून लपवू नयेत. माझ्या त्या स्कूटरवरच्या घरट्याचा आकडा आजही वहीत तसाच आहे आणि नव्या मुलांना मी ते पान उघडून दाखवतो.

मेच्या अखेरीस शेवटचे घरटे उघडले की त्याच्या नोंदी पूर्ण करून वहीची एक प्रत वनखात्याकडे द्यावी. न फुटलेली अंडी आणि कवचे हॅचरीपासून दूर खोल पुरावीत, बांबूच्या पाट्या धुऊन उन्हात कडक वाळवाव्यात, जाळी गुंडाळून ठेवावी आणि हॅचरीची वाळू खणून किनाऱ्यावर पसरून द्यावी, म्हणजे पावसाळ्यातल्या लाटा ती धुऊन नेतील. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की किनाऱ्यावर पुन्हा एक फेरी मारून त्या वर्षी मर्यादवेल कोठवर आली आहे ते पाहावे आणि तेथे नव्या हॅचरीचे चार खुंट ठोकावेत.